मावशीचे पोचे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज ह्यांनी गाडी ठोकली.

म्हणजे फार नाही. फाटकातून आत घेताना चाकासमोर मांजर आलं, ह्यांनी गाडी वळवली आणि डावीकडचं पुढचं दार खांबाला लागलं. मांजर सुखरूप, खांब सुखरूप, दाराला मात्र ताटलीएवढा पोचा.

गाडीला आमच्याकडे मावशी म्हणतात. घेतली तेव्हा लेक एवढीशी होती. ‘ही आता आपल्याकडेच राहणार?’ असं तिने विचारलं होतं, पाहुण्या मावशीबद्दल विचारावं तसं. तेव्हापासून मावशी.

हे उतरले ते थेट पायरीवर बसले. ह्या माणसाने जन्मभर शहराची बस चालवली. गर्दीतून, गल्लीबोळांतून, धुक्यातून. कधी कुठे टेकवली नाही. निवृत्त होताना ‘एकही अपघात नाही’ असं कोरलेलं पदक मिळालं, ते बैठकीत टीव्हीशेजारी असतं. संध्याकाळी बघते तर पदकाचं तोंड भिंतीकडे. मी सरळ केलं. चहा घेऊन आले तोवर पुन्हा भिंतीकडे. मग मी नाद सोडला.

४ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याने दाराकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, आख्खं दार बदला. हे म्हणाले, राहू दे तसंच, मला माझी चूक दिसत राहील. असली वाक्यं ह्यांना कुठून सुचतात कोण जाणे.

घरी आल्यावर मी सहज पोच्यावर हात फिरवला. आणि हात तिथेच थांबला. डोळ्यांना नुसता खड्डा दिसतो, पण बोटांना त्यात कितीतरी कळतं: मध्ये खोल, कडेला वर आलेली गोल घडी, खालच्या बाजूला पत्रा ताणलेला. हे तर कवळीसारखंच आहे, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला.

मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायचे. मेण, प्लास्टर, भरणं, घासणं, रंग जुळवणं. लोक माझ्या दातांनी जेवले, हसले, भांडले. मागच्या वर्षी मशीन आलं. ते आपलं आपण दात कोरतं, आणि चहाला उठत नाही. आमची टेबलं उचलली. तेव्हापासून मी आराम करते. हे लेकीला फोनवर सांगतात की आई दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. पलंगावर पडायचं नाही तर काय नाचायचं?

रात्री ह्यांना म्हटलं, दार मी करते. हे म्हणाले, तू? मी म्हटलं, हजारो लोकांची तोंडं सरळ केली, मावशीचं एक दार नाही होणार?

७ फेब्रुवारी, शनिवार

आतलं आवरण काढलं. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यांतल्या दोन तुटल्या. पहिल्या दिवशी एवढं चालायचंच.

लाकडी मुठीचा एक हातोडा आणि एक लोखंडी ठोकळा आणलाय. ठोकळा आतून टेकवायचा आणि बाहेरून कडेची घडी हळूहळू टपटप करत खाली बसवायची. सगळे समजतात की पोचा मधून ढकलायचा असतो. नाही! आधी कडा सोडवायच्या, मग मधला भाग आपणच सैल होतो. पहिला तास मी चुकीच्या जागी ठोकत होते आणि पत्रा डब्यासारखा डुबुकडुबुक करत होता. मग डोळे मिटले आणि बोटांनी शोधलं. मिटल्या डोळ्यांनीच जमलं.

हे खुर्ची टाकून बघत होते. दोनदा चहा केला. दोन्ही वेळा साखर विसरले.

११ फेब्रुवारी

आज फजिती. पत्र्यावर भरायच्या लगद्याला गॅरेजवाले लांबी म्हणतात. त्यात लाल मलम मिसळलं की ती सुकते. मी मलम सढळ हाताने घातलं. पठ्ठी दारावर लावायच्या आत वाटीतच दगड झाली, पळीसकट. आमटीची पळी होती. दुसऱ्यांदा वाटाण्याएवढंच मलम घेतलं आणि अशी मऊ, लोण्यासारखी बसली म्हणता! सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासली. तोंडाला फडकं बांधलं होतं तरी भुवया पांढऱ्या झाल्या. आरशात बघून मी हसत सुटले. हे आतून धावत आले, काय झालं म्हणून. किती दिवसांनी हसलीस, म्हणाले. मी म्हटलं, भुवया बघा ना माझ्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं! झालं! झालं!

रंगाचं सांगते. रंगवाल्याने यादीत बघून मावशीचा रंग काढून दिला, पण तो मावशी नवी होती तेव्हाचा. इतकी वर्षं उन्हात उभी राहून ती पिवळसर झालीय. मी त्याला सांगितलं, ह्यात पिवळ्याचा थेंब आणि तपकिरीचा अर्धा थेंब घाला. तो म्हणाला, बाई, कशावरून? मी म्हटलं, ही छटा मला तोंडपाठ आहे, सिगारेट ओढणाऱ्या साठीच्या माणसाचे दात. कार्डावर टिपका काढला आणि दाराला लावला तर टिपका दिसेना. रंगवाल्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

अस्तराचा रंग, मग खरा रंग पातळ पातळ थरांत, मग वरून चकाकी. आज घासून पुसून ह्यांना बोलावलं. म्हटलं, सांगा, पोचा कुठे होता? मी बघा बघा म्हणत दाराकडे बोट दाखवत होते आणि हे माझ्याकडेच बघत होते. ह्या माणसाला दार दाखवण्यात अर्थ नाही.

२६ फेब्रुवारी

काही नाही. पडून होते.

१ मार्च, रविवार

आंधळा मागतो एक डोळा! ह्यांनी मागच्या दाराला पोचा आणलाय.

खोटं कशाला लिहू, आधी मला आनंद झाला आणि मग वाईट वाटलं. नवरा बिचारा मान खाली घालून उभा आणि माझे हात शिवशिवताहेत. कुठे लागलं, विचारलं तर म्हणाले, बाजारात कुणीतरी हातगाडी लावली असेल, मी नव्हतो तिथे.

पण काय सुरेख पोचा आहे! अगदी सपाट भागात, मधोमध. रंगसुद्धा फुटलेला नाही. हातगाडी लागूनही इतका स्वच्छ पोचा पडावा, म्हणजे नशीबच. पुढच्या दाराच्या वेळी मला कडेजवळचा भाग फार जड गेला होता, ते मी ह्यांना सांगितलं होतं. ह्यावेळी कडेच्या आसपाससुद्धा काही नाही.

९ मार्च

मागचं दार झालं. ह्यावेळी लांबी नखाएवढीच लागली, बाकी सगळा पत्राच मी जागेवर आणला.

ह्यांना आता ह्या कामात चांगलाच रस वाटू लागलाय. संध्याकाळी कितीतरी विचारत होते. कुठला पोचा सोपा, कुठला अवघड, कुठे पडला तर पत्रा कायमचा जातो. मी म्हटलं, सपाट भाग आता डाव्या हाताचा मळ आहे, गोलाई असलेलं काही मिळालं तर खरा कस लागेल, चाकावरचं मडगार्ड वगैरे. हे म्हणाले, असं होय. ऐकून घेणारं माणूस घरात असलं की किती बरं वाटतं.

१३ मार्च, शुक्रवार

आज मडगार्ड! योगायोग म्हणायचा की काय?

आनंद झाला, पण ह्यावेळी भीतीही वाटली. दीड महिन्यात तिसऱ्यांदा. ह्या माणसाने डोळे मिटूनसुद्धा बस चालवली असती. विचारलं, तर म्हणाले, खांब दिसला नाही. दिसला नाही! खांब काय मुंगी आहे?

डिकीत बैठकीतली उशी सापडली, मधोमध काळा डाग पडलेली. कंबरेला घेतो, म्हणाले. म्हणजे कंबरही गेली. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते.

१४ मार्च

डॉक्टर म्हणाले, ह्यांची नजर माझ्याहून चांगली आहे. शेवटची बारीक ओळ हे धडाधड वाचून गेले, वर छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग खांब कसा दिसला नाही, मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. शेवटी कोरडेपणासाठी थेंब लिहून दिले.

डोळे चांगले, तर मग डोकं? लिहायलाही भीती वाटते. पण तसं म्हणावं तर बाकी सगळं ह्यांच्या लक्षात असतं. मी कुठला पॉलिश पेपर कधी संपवला तेसुद्धा, आणि न सांगता नवा आणतात.

१७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते आधी लिहून काढते.

मडगार्ड घासताना खालच्या टोकाला रंगाखाली फोड दिसला, टिकलीएवढा. नखाने उचकटला तर खाली गंज. तारेच्या ब्रशने खरवडत गेले तर गंज मागे मागे सरकत दाराखालच्या पट्टीत शिरलेला. पेचकसाने टोचून पाहिलं. पेचकस मुठीपर्यंत आत! पापडासारखा पत्रा, हात लावला की चुरा. आणि ही पट्टी म्हणजे काही शोभेची नव्हे, गाडीचा अर्धा भार तिच्यावर. अगदी ह्यांच्या बसायच्या जागेखाली. बाजूने कुणी जोरात धडकलं असतं तर गाडी तिथून मिटलीच असती.

मी ओरडून बोलावलं. म्हटलं, बघा, तुम्ही मडगार्ड ठोकलं म्हणून हे सापडलं, नाहीतर कधी कळलंच नसतं! हे खाली वाकले, पेचकस बघितला, आणि ह्यांना दरदरून घाम फुटला. जमिनीवरच बसले. म्हणाले, “आणि मी त्याच गाडीला…” मी पाणी दिलं. ज्या गाडीत रोज बसतो ती खालून अशी निघाली तर कुणीही घाबरेल.

लांबी भरून रंगवलं असतं तर बाहेरून कळलंही नसतं, पण ते पाप. दात किडलेला असताना वर सोन्याची टोपी घालण्यासारखं. वेल्डरला बोलावलंय.

२४ मार्च

वेल्डर घरी येऊन गेला. मी आधीच सडका पत्रा चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढला होता आणि पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवला होता. त्याने त्यावरून जाड पत्रा कापला तो असा बसला, की तो म्हणाला, बाई, तुम्ही शिंपीण आहात का? जोड मी घासले, आत गंजरोधक मारला, वरून रंग. आता मावशीचं हाड मजबूत आहे. ह्यांनी स्वतः खाली झोपून सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिलं, एकदा नाही, तीनदा.

मी इतकी खूश आहे की रंगाच्या वासानेसुद्धा भूक लागते.

३१ मार्च

मावशीला आता काही करण्यासारखं उरलं नाही. दुपारी जरा पडले. ह्यांनी दाराशी येऊन दोनदा बघितलं.

२ एप्रिल, गुरुवार

डिकीच्या झाकणाला पोचा.

ह्यावेळी भररस्त्यात, आमच्या इमारतीसमोर, आणि वरच्या मजल्यावरचे विमावाले गॅलरीत उभे. ते वरूनच म्हणाले, काका, आता गाडी विका आणि काठी घ्या. खालची दोन-चार माणसं हसली. हेसुद्धा हसले. मला ते हसणं बघवलं नाही. बस चालवताना ह्यांना कुणी नुसता हॉर्न दिला तरी खपायचं नाही.

विमावाल्यांनीच लेकीला फोन केला असणार. उद्या येतेय.

पोचा मात्र सुबक आहे. लंबगोल, वरच्या वळणावर. असा अजून केला नव्हता.

३ एप्रिल

लेक आली ती पर्स खांद्यावरून न काढताच बोलू लागली. बाबा, आज पत्रा आहे, उद्या कुणाचं पोर असेल. तिचं खरंच होतं. मीच बोलायला हवं होतं आणि मी आपली पोच्यांची मजा घेत बसले, ह्याची लाज वाटली.

ती म्हणाली, “किल्ली द्या, बाबा.”

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “डिकीचं काम तू करशील ना पण?”

मी म्हटलं, करीन. हे म्हणाले, मग ठीक आहे.

लेक किल्लीकडे बघत राहिली, मग ह्यांच्याकडे.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी लेक म्हणाली, बाबा, शेवटची एक चक्कर, मी शेजारी बसते. दोघं गेली ती जेवणाच्या वेळेला आली. मी मावशीभोवती फिरून बघितलं, नवा ओरखडासुद्धा नाही. लेक सांगत होती की मंडईच्या मागच्या बोळातून नेली, दोन्ही बाजूंना भाजीच्या पाट्या, कुठे टेकली नाही. दोन ट्रकांच्या मध्ये एका दमात लावली. सांगताना तिचे डोळे लाल. मी विचारलं, काय गं? धूळ गेली, म्हणाली. ह्यांचे थेंब देऊ का म्हटलं, तर हसायलाच लागली आणि मला घट्ट धरलं. माझ्या हाताला लांबी लागली होती, तिच्या चांगल्या कपड्यांना डाग पडला, तरी सोडेना.

जाताना किल्ली तिने ह्यांच्याच हातात दिली. मला म्हणाली, “आई, बाबांचं काहीही बिघडलेलं नाही. फक्त तुझ्या हाताला काम हवं.”

आता ह्या दोन गोष्टींचा काय संबंध? हल्लीच्या मुलांचं बोलणं असंच, एक इथलं, एक तिथलं. पण जीव भांड्यात पडला.

८ एप्रिल

फाटकासमोर टॅक्सी थांबली. मी म्हटलं, आम्ही नाही बोलावली. चालवणारी बाई उतरली, चाळिशीची, केस वर बांधलेले. लेक रोज तिच्याच टॅक्सीने कामावर जाते. म्हणाली, ताई, तुमची मुलगी म्हणते तुम्ही दारं सरळ करता. माझं बघाल का? गाडीची तपासणी आहे, असं दार असलं तर पास करणार नाहीत, आणि टॅक्सी थांबली की घर थांबतं.

बघितलं. बापरे. दाराच्या मधल्या उभारलेल्या रेघेवरच मोटरसायकल घुसलेली. मावशीचे पोचे ह्याच्यापुढे पाळण्यातले. रेघ मोडली की पत्रा घडी लक्षात ठेवतो. मी नाही म्हणणारच होते. मागून हे म्हणाले, होईल.

मी ह्यांच्याकडे रागाने पाहिलं. करायचं मला, आणि हो म्हणणार हे!

१० एप्रिल, शुक्रवार

नाही जमलं. रेघ सरळ होते आणि टिचकी मारली की पुन्हा आत. तिची टॅक्सी माझ्या फाटकात आणि तिचं घर तिच्या टॅक्सीवर. जेवण गेलं नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही हो म्हणालात म्हणून. हे म्हणाले, शिव्या दे, पण पडून राहू नकोस.

११ एप्रिल

जमलं! पहाटे जाग आली तीच उत्तर घेऊन. रेघ एकदम उचलायची नाही. दोन्ही टोकांकडून मधोमध येत, एकेक बोट. आधी घडीतला ताण काढायचा. ह्यांनी आतून ठोकळा धरला, मी बाहेरून टपटप. मी ‘जरा वर’ म्हणायच्या आत ठोकळा वर. बस चालवून चालवून कानांनी गाडी कळते ह्यांना. दुपारी मी वरून काळ्या रंगाचा हलका फवारा मारला आणि पॉलिश पेपर गुंडाळलेला ठोकळा फिरवला. उंच असेल तिथला काळा जातो, खोल असेल तिथे राहतो. सगळा काळा एकसारखा गेला. एकही डाग उरला नाही. मी हातोडा टाकून ह्यांचा हात धरून नाचले. विमावाले गॅलरीतून बघत होते. बघू देत.

१९ एप्रिल, रविवार

टॅक्सी पास झाली. आज ती बाई सांगायला आली आणि बरोबर आणखी दोन टॅक्सीवाल्यांना घेऊन आली, एकाचं बॉनेट, एकाच्या चाकावरचा गंज. फाटकात एवढी गर्दी की कुणाला बाहेर पडता येईना. तिघं आपापल्या गाड्यांत बसून मागेपुढे करत होते आणि एकमेकांना हात दाखवत होते. हे पायरीवरून उठले, म्हणाले, द्या किल्ल्या. एकेक गाडी उलटी घेतली, आरशात बघत, दोन्ही बाजूंना हाताएवढीही जागा नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिन्ही गाड्या रस्त्यावर ओळीत. टॅक्सीवालीने विचारलं, काका, तुम्ही चालवायला कुठे शिकलात? मग काय, बसच्या गोष्टी सुरू झाल्या. चहा तीनदा झाला.

सगळे गेल्यावर मी फळीवर हत्यारं लावत होते. एक गाडी उद्या, एक परवा, आणि विमावाल्यांनीसुद्धा जिन्यात गाठून हळूच विचारलंय, त्यांच्या बंपरचं काही होईल का. मी म्हटलं, रांग आहे.

हे मावशीला फडक्याने पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “आता पुरेल ना तुला काम?”

मी म्हटलं, पुरून उरेल, का हो?

“काही नाही,” म्हणाले. “आता मावशीला ओरखडाही येणार नाही.”

मी म्हटलं, असं कसं कुणाला सांगता येईल? रस्ता आहे, लोक आहेत, खांब आहेत.

हे म्हणाले, “मला येतं सांगता.” आणि फडकं झटकून दोरीवर वाळत घातलं.